तो फोटो मी मासिकाला दिला नाही

मेक्सिको सिटीच्या दोक्तोरेस भागात आरेना मेहिको आहे. १९५६ साली उभी राहिलेली, सोळा हजारांवर माणूस मावेल एवढी. शुक्रवारी रात्री तिथे लुचा लिब्रेचा, म्हणजे मेक्सिकोतल्या मुखवटेवाल्या कुस्तीचा, मोठा कार्यक्रम असतो. एका मासिकाला त्यातले फक्त मिनींचे, म्हणजे कमी उंचीच्या पैलवानांचे, फोटो हवे होते, म्हणून मी रिंगला खेटून कॅमेरा घेऊन बसलो होतो.

मी कोल्हापूरचा. खासबागेत हौद्याच्या कडेला बसून पैलवानांचे फोटो काढण्यात उमेदीची वर्षं गेली. लुचा लिब्रेत सहसा तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात आणि निकाल आधीच ठरलेला असतो. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा रिंगजवळ बसून पाहावं. निकाल ठरलेला असला तरी पाठ आपटते ती खरीच आपटते.

मिनींचा वेगळा गट असतो. सगळ्यांचीच वाढ खुंटलेली असते असं नाही, काही जण नुसतेच बुटके असतात. हा गट आंतोनियो पेन्या या कुस्ती-आयोजकांच्या डोक्यातून निघाला. १९९२ साली मिनींचं वेगळं अजिंक्यपद सुरू झालं आणि पहिला मान मास्कारिता साग्रादाला मिळाला. त्याच वर्षी पेन्यांनी ट्रिपल-ए ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा हाही त्यांच्यामागे गेला. मास्कारा साग्रादा मोठा, मास्कारिता साग्रादा छोटा. ओक्तागोन आणि ओक्तागोनसितो. छोट्याचं नाव, वेश, मुखवटा, सगळं मोठ्यावरून बेतलेलं. याच्या उलट घडलं ते मास्कारिता दोरादाच्या बाबतीत. ट्रिपल-एमध्ये तो वेगळ्या नावाने खेळायचा. संस्था बदलली तसं नावही बदललं. मग असा गाजला की २००८ मध्ये त्याच्यावरून मास्कारा दोरादा हा मोठा पैलवान तयार केला गेला. २०१३ मध्ये हा छोटा दोरादा अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, तिथे त्याला बैलाचा पोशाख चढवून ‘एल तोरितो’ केलं. मला हे खटकतं. नाव कंपनीचं, मोडणारे गुडघे मात्र त्याचे.

त्या रात्री तीन विरुद्ध तीन अशी कुस्ती होती. ज्याच्यावर माझी नजर होती त्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या डावात त्याने दोरांच्या मधून बाहेर झेप घेतली आणि समोरच्याला घेऊन खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत कोसळला. तिसऱ्या डावात रुडोंपैकी एकाने, म्हणजे खलनायकाच्या बाजूच्याने, रेफ्रीची पाठ वळलेली पाहून त्याच्या मुखवट्याची मागची नाडी सोडायला घेतली. मुखवटा ओढून काढला तर काढणारा बाद होतो, पण रुडोला त्याची फिकीर नसते. एका हिसक्यात मुखवटा त्याच्या हातात. हा पालथा पडला, दोन्ही तळहात तोंडावर. जोडीदाराने टॉवेल फेकला. पण हिसका आणि पडणं यांच्यामध्ये जो क्षण गेला, तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याने चार फ्रेम घेतल्या होत्या आणि त्यातल्या एकीत चेहरा लख्ख आला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, भुवईवर जुना व्रण.

मुखवटा पणाला लावलेली कुस्ती हरली तर पैलवानाला भर रिंगमध्ये तो काढून आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं खेळतोय ते सांगावं लागतं. त्याचे पैसेही चांगले मिळतात. ती त्याची म्हातारपणाची पुंजी असते म्हणा ना. ती फुकटात छापायला निघालेला मी कोण?

संपादकांचा मेसेज आलाच. त्यांनी प्रक्षेपण पाहिलं होतं. ‘चेहरा मिळाला का?’ मी लिहिलं, ‘झेप चांगली मिळालीय.’

कार्यक्रम संपल्यावर तो मागच्या दारापाशी उभा होता. अंगात साधा टी-शर्ट, पाठीवर बॅग, मुखवट्याची नाडी पुन्हा घट्ट बांधलेली. “दाखव,” म्हणाला. मी कॅमेरा दिला. तो अंगठ्याने एकेक फोटो मागे सारत गेला. चेहऱ्याचा फोटो आला, त्यावर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच तो पुसून टाकला. विचारलंबिचारलं नाही. मग झेपेपर्यंत पोहोचला आणि फोटो मोठा करून बघत बसला.

“हा पाठव मला. लॉस एंजेलिसच्या एका आयोजकाला दाखवायचाय.”

“आत्ताच पाठवतो.”

“थांब. यात गुडघा वाकलाय. याच्या आधीचा आहे का?”