तुम्ही विचारलंत म्हणून: अनुदानाचं काय झालं?

‘अनुदान मिळालं होतं ना? मग पुस्तक कुठंय?’ लग्नाच्या पंगतीपासून संमेलनाच्या मांडवापर्यंत हा प्रश्न मला गाठतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून त्याला शेपूटही फुटलंय: ‘आता तर काय, पैसाच पैसा!’ म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मिळालं होतं. महानुभाव पंथाच्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेसाठी, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखित प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्यासाठी. पहिला हप्ता वेळेवर आला, हेही कबूल. प्रवास, स्कॅनिंग, एका साहाय्यक मुलीचं मानधन, सगळं त्यात बसत होतं. माझं पोट कॉलेजच्या पगारावर. तिचं या मानधनावर.

सकळ लिपीचा, म्हणजे महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा, तक्ता समोर ठेवून कुणीही एकेक अक्षर लावेल. पण लेखनिकाची डुलकी कुठली आणि खरा पाठभेद कुठला, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. तिचा झाला. आडव्या हिशेबवहीत वरच्या ओळीला आधारप्रतीतला पाठ, खाली क, ख, ग प्रती. जुळलं तिथे रेघ, नाही तिथे शब्द. चार ओळींची लीळा, म्हणजे चक्रधरस्वामींची एखादी आठवण, कधीकधी अख्खा दिवस खायची.

आढावा बैठकीत त्या वह्या मी टेबलावर मांडल्या. एका सदस्यांनी वरची वही चाळली आणि विचारलं, ‘छापण्याजोगी पानं किती?’

‘अजून एकही नाही. सगळ्या प्रती ताडून झाल्याशिवाय पाठ ठरवता येत नाही.’

‘म्हणजे प्रगती शून्य लिहायची का?’

आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना रकाना भरायचा होता, इतकंच. त्याचाच मला जास्त राग आला. मी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा विषय काढला. १९१९ ला हाती घेतलेलं काम १९६६ ला पुरं झालं, संपादक सुखठणकर तर १९४३ मध्येच गेले. औंधच्या राजेसाहेबांनी मदत केली, ती काय दर तिमाहीला पानं मोजून?

लेखाधिकारी शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, मी राजा नाही. मला ३१ मार्चच्या आत यूसी, पैसे खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, लागतं.’

पुढचा हप्ता अडकला. एका मठातली प्रत पाहायची परवानगी एप्रिलात आली, तोवर त्यासाठी राखलेले पैसे व्याजासकट परत गेले होते. ती मुलगी काही महिने मानधनाविना थांबली, मग पतसंस्थेत लागली. जाण्याआधी सगळ्या वह्यांची सूची करून गेली. नंतर पत्र आलं, पद भरण्यास हरकत नाही. भरायचं कुणाला?

पूर्वी मी तावातावाने म्हणायचे, सरकारी पैसा नकोच, वर्गणी काढू. वर्गणीत छपाई निघते हो, पण वर्षानुवर्षं माणूस पोसला जात नाही. आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानेच काढलं, तो पैसा सरकारचाच. लेखाधिकाऱ्यांचंही काय चुकलं? अनुदान घेऊन एक ओळ न देणारे महाभाग मीही पाहिलेत. तरी त्या बैठकीची आठवण आली की डोकं फिरतं. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

यंदा पुन्हा प्रस्ताव मागवलेत. भरणार का, असं विचारू नका. भरलाय. अपेक्षित पृष्ठसंख्येच्या रकान्यात आकडाही टाकलाय, मला स्वतःला न पटणारा.