तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं होऊनही जिप्सीचं काम घरीच का?

मागच्या महिन्यात एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या मामांनी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, "काय रे, गाडीचे पाटे अजून घरीच खोलतोस म्हणे? इतकं होऊनही?" हा प्रश्न मला चार वर्षांपासून येतोय. कामावरचे विचारतात, भावाच्या सासुरवाडीचे विचारतात, टायरच्या दुकानातला पोरगासुद्धा विचारतो. मी "हो" म्हणतो आणि विषय बदलतो. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र झोप आली नाही. म्हणून एकदा सगळं लिहितो. "इतकं" म्हणजे काय ते विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. कसं झालं, हे बहुतेकांना अर्धवट ठाऊक असतं, आणि त्याला कारण मीच आहे. मी ते कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

आधी गाडीत बदल का केले ते सांगतो, कारण बरेच जण हा सगळा शौक समजतात. आमचं रान सोलापूरजवळच्या तिऱ्ह्याच्या पुढे, सीना नदीच्या अंगाला. डांबरी सोडली की दोन किलोमीटर काळ्या रानातून वाट. उन्हाळ्यात तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आर्द्रा लागल्या की त्याच मातीचा डिंक होतो. मारुतीच्या जिप्सीला मूळचे २०५/७० आर १५ मापाचे टायर असतात. डांबरीवर चांगले, पण काळ्या चिखलात शंभर पावलांत त्यांच्या खाचा भरतात आणि टायरवर मातीची पोळी चढते. मग चारही चाकं फिरवा, गाडी जागची हलत नाही. खोल खाचांचा टायर फिरता फिरता माती झटकून टाकतो, आणि हवा १८ पौंडांपर्यंत उतरवली की जमिनीला जास्त टेकतो. मी २१५/७५ घेतले. उंची साडेतीन सेंटिमीटर वाढली, म्हणजे एक्सल त्याच्या निम्मा वर गेला. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टवर असते, एवढा फरक. टायर रिमवर चढवायचं काम मी घरी करत नाही, ते दुकानातच.

पाटे म्हणजे गाडीचं वजन एक्सलवर तोलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. त्यांचं कारण आप्पा. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सबंध एक्सल आणि कमानपाटे. रिकामी गाडी दगडासारखी आदळते. आप्पांच्या मणक्याचं दुखणं वाढलं आणि ते रानात यायचे बंद झाले. तीस-चाळीस वर्षं रोज बांधावर उभा राहणारा माणूस घरी बसून "ज्वारी कशी आहे" एवढंच विचारायला लागला. मला पाटे मऊ करायचे होते ते यासाठी. हे खरं आहे, आणि हे मी नेहमी आधी सांगतो, कारण ऐकायला चांगलं वाटतं. गाडी थोडी उंच दिसावी, लोकांनी वळून बघावं, हेही मनात होतं. तेही खरं आहे.

पहिल्यांदा काम गॅरेजलाच दिलं होतं. नाव लिहीत नाही. त्यांनी पाटे तेच ठेवले आणि लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी, टाकून गाडी उचलून दिली. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल किंचित फिरतो आणि स्टिअरिंग वळणावरून आपोआप सरळ यायचं ते येत नाही. पाटा आणि एक्सलमध्ये लोखंडी पाचर बसवून हे सुधारता येतं. ती बसवली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचे रबरी पाइप मूळच्याच लांबीचे राहिले. बांधावरून उतरताना पुढचं चाक लोंबलं की पाइप ताणायचा. दोन महिन्यांनी मंगळवेढा रस्त्यावर पॅडल पार खाली गेलं. मागचा ब्रेक वेगळ्या लाइनवर असतो म्हणून गाडी थांबली. आप्पा शेजारी बसले होते.

त्या दिवशी ठरवलं की यापुढे या गाडीचा प्रत्येक बोल्ट मी बघणार. हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. पुढे जे झालं ते निर्णयामुळे झालं की माझ्यामुळे, यावर मात्र मी स्वतःशीच अजून भांडतो.

२०२२ चा मे. उन्हामुळे आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात केली, आठ-नऊच्या आत आवरायचं म्हणून. आम्ही म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. तो गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. कापडाचे थर डाव्या हाताने दाबून धरायचे आणि उजव्या हाताने मशीन फिरवायचं, हे त्याचं काम. हातात मोजमाप असलेला माणूस. मी त्याला बोलावलं नव्हतं. चहा घेऊन आला आणि थांबला. हेही मी लोकांना सांगत आलोय, "मी बोलावलं नव्हतं." पण "जा" असंही म्हटलं नव्हतं.

मागचे दोन पाटे आदल्या रविवारी झाले होते, काही अडलं नव्हतं. त्यामुळे हात सैल झाले होते. पुढून गाडी उचलली, चेसिसखाली दोन घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्या, चाकं काढली. उजवा पाटा बसला. डाव्या बाजूला नवा पाटा एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टमध्ये हलकाच अडकवला होता आणि त्याचं पुढचं गोल टोक शॅकलच्या भोकाशी जुळत नव्हतं. मी एक्सलखालच्या बाटली जॅकनं कणाकणानं उचलत होतो. धाकट्यानं पाट्याचं टोक डाव्या हातानं धरून दिशा द्यायला घेतलं.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी होती. आजोबांच्या वेळची, दीड इंच जाड. खाली मुरमाचा पातळ थर आणि त्याखाली आपली काळी माती. आता सोलापुरात राहणाऱ्याला ही माती काय करते ते सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात त्या फरशांखाली पोकळी असणारच. रानात त्याच भेगांत माझा पाय अडकलेला आहे. फरशीवर काठी आपटली असती तर बद्द आवाज आला असता आणि कळलं असतं. मी आपटली नाही. घोडीच्या चार छोट्या पायांवर गाडीचं नाक तोलून, एक टनाच्या आसपासची गाडी त्या फरशीवर उभी केली.

तो म्हणाला, "दादा, फरशी हलायली बघ."

मी म्हणालो, "धर जरा, एकच बोल्ट राहिलाय."

हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सगळ्यांना सांगितलं ते एवढंच की फरशी अचानक फुटली. ती अचानक फुटली नाही. त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण भोक जुळत आलं होतं, अर्धा सूत राहिलं होतं, आणि आता सोडलं तर सगळं पुन्हा करावं लागेल असं मला वाटलं.

फरशी मधोमध फुटली, घोडीचा एक पाय आत गेला, ती कलली आणि गाडीचं डावं नाक चारएक बोटं खाली आलं. आवाज फार झाला नाही. धाकट्याचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं पाट्याचं टोक आणि चेसिसचा ब्रॅकेट यांच्यामध्ये सापडली. तो ओरडला नाही. नुसता "दादा, दादा" म्हणत राहिला. जॅक आडवा झाला होता. तो ओढून दुसऱ्या फरशीवर लावून गाडी उचलायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. आई दारात येऊन उभी राहिली होती आणि तिला मी ओरडून आत जायला सांगितलं, तेवढं आठवतं. दवाखान्यात शेजाऱ्याच्या रिक्षातून गेलो, कारण आमची गाडी उघडी पडलेली.

दोन्ही बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवतात. गाडी निसटली तर चाकावर बसते, माणसावर येत नाही. हे मला माहीत होतं, आप्पांनीच शिकवलेलं. त्या दिवशी ती नव्या टायरांची चाकं, आदल्या आठवड्यात रंगवलेल्या रिमांसकट, भिंतीला टेकवून पोत्यावर उभी होती. रिमेला ओरखडा नको म्हणून मी ती खाली घातली नाहीत. धाकट्यापासून चार हातांवर होती.

आता तुमचा प्रश्न. इतकं होऊनही घरीच का?

दीड वर्ष मी पान्ह्याला हात लावला नाही. गाडी दुसऱ्या एका गॅरेजातून करून घेतली. चांगले लोक होते. तरी परत आल्यावर मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. एका बाजूला जुनेच यू-बोल्ट पुन्हा वापरले होते. ते एकदा ताणून बसले की पुन्हा वापरू नयेत, आणि नवे टाकले तरी काही दिवस गाडी चालवून परत आवळावे लागतात. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच घट्ट केले होते. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कुणाचा जीव गेला नसता यानं. पण त्या गाडीत आप्पा बसतात, आणि खालचं काय कसं आहे हे मला ठाऊक असलं पाहिजे, ही भूक काही गेली नाही. तुम्ही याला हट्ट म्हणा. धाकट्याची बायको म्हणते, आणि तिच्यासमोर मी उत्तर देत नाही.

त्या वेळचा मी म्हणायचा, पैसे वाचतात. नाही वाचत. जॅक, घोड्या, टॉर्क पान्हा, अंगणातलं सहा इंच काँक्रीट, हिशेब मांडला तर गॅरेज स्वस्त पडलं असतं. त्या वेळचा मी असंही म्हणायचा की माझी गाडी, मी काय वाटेल ते करीन. तेही बरोबर नाही. नोंदणीपुस्तकात आहे त्याहून वेगळी गाडी करायची नाही हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. मला २३५/७५ घालायचे होते, उंची सहा सेंटिमीटरच्या वर गेली असती. तो बेत सोडला. लांब शॅकल तर तेव्हाच काढून फेकले होते. आता आहे त्यावरही कुणी आक्षेप घेतला तर वाद घालणार नाही, काढून ठेवीन.

पण एक सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, रानांतली पिकं गेली, पाणी उतरल्यावर वाटेवर गुडघाभर गाळ राहिला. तेव्हा याच गाडीतून आम्ही वस्तीवर पाण्याचे कॅन आणि जनावरांना कडबा पोचवला. त्या आठ दिवसांत मला कुणी विचारलं नाही की पाटे कुणी बसवले. हे मी पंगतीत मामांना सुनावणार होतो, शब्द ओठांवर आले होते. मग लक्षात आलं की हेच पाटे एखाद्या नीट माणसानं गॅरेजात बसवले असते तरी कडबा पोचलाच असता. आणि धाकट्याची दहा बोटं शाबूत राहिली असती. गप्प बसलो, जेवलो.

धाकटा आता कटिंगवर नाही. त्याच कारखान्यात माल तपासायला बसतो. पगार थोडा कमी झाला. मामांचा प्रश्न त्यानं मला कधीच विचारलेला नाही. "हलायली" म्हणून त्यानं सांगितलं होतं हे त्याला आठवतं का, हे विचारायला मी धजलेलो नाही. आता हे लिहिलंय, तर तो वाचेल.

गेल्या रविवारी मागचे शॉकअप बदलायचे होते. तो सात वाजता चहा घेऊन आला. पान्ह्याला हात लावत नाही. चेसिसखालच्या चारही घोड्या वाकून बघितल्या, खाली सरकवलेली चाकं पायानं ढकलून बघितली, मग खांदा लावून गाडी दोन्ही बाजूंनी जोरात हलवली. मी काठावर बसून होतो.

"जा," म्हणाला.