दोन इंच फोम

अकरावीला 'दाब' शिकवायचा आला की मी रेल्वेचा बाक सांगते. वजन तेच. पण लाकडी फळीवर कुशीला झोपलं तर सगळा भार खांदा, खुबा आणि घोटा एवढ्यांवरच येतो. टेकायला जागा थोडी, म्हणून दाब जास्त, म्हणून ठणका. खाली फोम असला की तो अंगाबरोबर दबतो, जागा वाढते, दाब उतरतो. पोरांना पटतं. मग मी फोम आणणाऱ्या रेल्वेमंत्र्यांचं, मधु दंडवत्यांचं नाव घेते आणि ते कुणालाच माहीत नसतं. दरवर्षी मला याचं वाईट वाटतं.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, आजोळ कल्याणला. दर मे महिन्यात पंजाब मेल. दुसऱ्या वर्गात तेव्हा नुसत्या फळ्या. आई सतरंजी आणि दोन वाकळी वळकटीत बांधायची. दशम्या, तिळाची चटणी, सुरई वेगळी. धाकट्याच्या वेळेपासून तिची कंबर गेलेलीच होती. वाकळी घालूनही रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. कल्याणला पोचलं की आजी आधी विटेचा शेक द्यायला बसायची.

दंडवते मूळ नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. माझाच विषय, म्हणून जवळचे वाटतात हेही खरं. बेचाळीसच्या लढ्यात होते, गोव्याच्या सत्याग्रहात होते. १९७१ साली राजापुरातून लोकसभेत गेले आणि ओळीने पाच वेळा निवडून आले. आणीबाणी लागली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळुरूला होते. तिथेच पकडले गेले. सोबत अडवाणी आणि आमच्या ग्वाल्हेरच्या, शिंद्याच्या छावणीतले अटलजी. हे सांगताना बाबा खुर्चीत ताठ बसायचे. प्रमिलाताई दंडवते त्याच काळात येरवड्याला, म्हणजे नवरा-बायको दोघंही तुरुंगात.

१९७७ ला जनता सरकार आलं आणि प्राध्यापक रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं. त्याच डिसेंबरात हावडा-मुंबई गीतांजली सुरू केली, तिला पहिला वर्गच नव्हता. आणि दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच फोम घातला.

पुढे ते अर्थमंत्री झाले, सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत, १९९० मध्ये रद्द झाला. २००५ साली गेले तेव्हा देह जे. जे. रुग्णालयाला दिला होता, वैद्यकीच्या मुलांना शिकायला. ही कामंही मोठीच. पण मला विचाराल तर मी आधी फोम सांगेन. ज्याला त्या फळीवर झोपायची आता गरज उरली नव्हती, त्याने तिच्यावर झोपणाऱ्यांच्या पाठीचा विचार केला. माझ्या आईच्या पाठीचा.

तो फोमचा डबा आम्हाला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी सातवीत होते. आईने दोन्ही तळवे बाकावर टेकवून दाबले, उचलले, पुन्हा दाबले. "अगंबाई," एवढंच म्हणाली. वळकटी सोडलीच नाही, एक चादर तेवढी अंथरली. इटारसीला बाबा चहा विचारायला वाकले, तर मी बोट ओठावर ठेवून त्यांना थांबवलं. आईला गाढ झोप लागली होती.