चार ते आठ, वार सोडून

सोमवार, १ डिसेंबर २०२५

ऑफिसातून घरी पोचले तेव्हा भाचा नुकताच उठला होता. शनिवारी बॉस्टनहून आलाय, अजून तिथल्याच घड्याळावर चालतोय. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "मावशी, इथे सीफूडचा चांगला हॅपी अवर कुठे असतो?"

मला आधी प्रश्नच कळेना. हॅपी अवर्स म्हणजे चार ते आठ एकावर एक बिअर, एवढंच मला ठाऊक. त्यात मासे कुठून आले? मग त्याने सांगितलं. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४ पासून दारू अशी घटकाभर स्वस्त करून विकायला बंदी आहे. मग दिवेलागणीच्या आधी गिऱ्हाईक यावं कसं? तर बॉस्टनची काही हॉटेलं त्या वेळात कालवं, म्हणजे ऑयस्टर, स्वस्त देतात. डॉलरला एक कालव, बर्फावर मांडलेलं, कच्चं, वर लिंबू. लेकराच्या डोक्यात हॅपी अवर म्हणजे मासळीच.

कच्चं कालव म्हटल्यावर नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. आम्ही वेंगुर्ल्याला कालवं खडकावरून फोडून आणायचो, हात कापून घ्यायचो, आणि आई त्यांचं सुकं करायची. ती कच्ची खायची म्हणजे आईने पाठीत धपाटा घातला असता.

तरी म्हटलं, मुंबईत आहोत, समुद्र आहे, बघू. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बसले. बहुतेक ठिकाणी हॅपी अवर्स सोमवार ते शुक्रवार, कारण शनिवार-रविवार गर्दी आपली आपण येते. आता आमच्या घरचं बघा. सोमवार नवऱ्याचा शंकराचा. गुरुवार मार्गशीर्षातला माझा, त्यात येत्या गुरुवारी दत्तजयंती. शनिवार मारुतीचा, दोघांचाही. रविवारी संकष्टी. उद्या मंगळवार मोकळा, पण ऑफिसात महिनाअखेरचे हिशेब पडलेत. उरले बुधवार आणि शुक्रवार. या शहरात हॅपी अवर्स ठरवताना एकाही बारमालकाने मराठी माणसाचे वार पाहिलेले नाहीत.

बुधवार, ३ डिसेंबर

लोअर परळ. जुन्या गिरणीच्या आवारातला पब. उंच छत, उघड्या विटा, आणि एवढं मोठ्याने गाणं की ऑर्डर बोटाने दाखवायची.

भाच्याने व्हिस्की मागितली. वेटरने ओळखपत्र पाहिलं आणि मान हलवली. पोरगा चोवीस वर्षांचा. आपल्याकडे बिअर आणि वाइन एकविसाव्या वर्षी, व्हिस्की-रम पंचविसाव्या. "बॉस्टनला तीन वर्षं पितोय मी," तो कुरकुरला. मी म्हटलं, इथे कायद्याने प्यायचाही परवाना लागतो बाबा, आणि तो एका दिवसासाठी पाच रुपयांना मिळतो. ते त्याला इतकं आवडलं की व्हिस्की विसरला.

बिअर एकावर एक, पण दोन्ही बाटल्या एकदम आणून ठेवतात. पहिली संपेपर्यंत दुसरी डिसेंबरातही कोमट. हे हॅपी कसलं?

मग मासे. मेन्यूवर नुसतं 'फिश' असं लिहिलेलं. वेटरला विचारलं, "मासा कुठला?"

"बासा."

मला वाटलं गाण्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याला आलं होतं. बासा म्हणजे व्हिएतनामच्या मेकाँग नदीतला गोड्या पाण्यातला मासा, तळ्यात वाढवलेला, बिनकाट्याचा, बिनवासाचा आणि माझ्या मते बिनचवीचा. खिडकीतून मान लांब केली तर अरबी समुद्र दिसावा अशा शहरात मी ७०० रुपयांना मेकाँगचा मासा खाल्ला. वर पिवळा सॉस.

येताना लोकलमध्ये विचार करत होते. मला चांगली मासळी मिळणारी जागा ठाऊक नाही असं नाही. दादर-गिरगावातल्या मालवणी खानावळी आहेत की. पण तिथे सोलकढीपेक्षा कडक काही मिळत नाही, आणि दुपारी साडेतीनला भांडी घासून शटर अर्धं खाली येतं ते सातनंतर वर जातं. म्हणजे नेमक्या चार ते सात या वेळात, हॅपी अवर्सच्या वेळात, मुंबईतले मासे रांधणारे निम्मे हात झोपलेले असतात. आणि जे जागे असतात ते बासा तळतात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज सीफूडचं नाव असलेल्या, पाटीवर मोठी कुर्ली काढलेल्या ठिकाणी गेलो. नाव लिहीत नाही. साडेपाच ते आठ हॅपी अवर्स, वातानुकूलित, काचेच्या टाकीत जिवंत खेकडे. भाचा खूश.

मी टाकीकडे पाहिलं आणि मनात तारीख आली. काल पौर्णिमा. आईचा आवाज कानात: "पुनवेक कुर्ल्यो घेव नको, पोकळ असतत." शास्त्र काय असेल ते असो, आमच्या गावात अमावास्येच्या आसपासच कुर्ल्या घ्यायच्या हा नियम कुणी मोडलेला मी पाहिला नाही. पण भाचा टाकीवर नाक टेकवून उभा होता. चार वर्षांचा असताना राणीच्या बागेत उभा राहायचा तसाच. मी गप्प बसले. चूक माझी.

मेन्यूवर कुर्लीसमोर किंमत नव्हती. तीन अक्षरं होती: एपीएस. ॲज पर साइज. मुंबईत मासे खाणाऱ्याने सगळ्यात आधी ही तीन अक्षरं शिकावीत. पापलेट, कुर्ली, शेवंड यांच्यासमोर आकडा नसतो. तो आधी विचारायचा, आणि वजन कच्चं की शिजलेलं तेही विचारायचं. मला हे सगळं येतं. मी स्वतः दहा जणांना सांगितलंय. आणि आज विचारलं नाही, कारण बाजूच्या टेबलावर एक ओळखीचं कुटुंब बसलं होतं आणि भाव विचारताना त्यांनी ऐकावं असं वाटेना. असा आपला बावळटपणा.

कुर्ली आली. लोण्यात, लसणात, दिसायला राणी. नांगी फोडली तर आत पाणी आणि कापसासारखं काहीतरी. पोटात लाख म्हणजे गाबोळी नाही, काही नाही. भाच्याने तरी नेटाने खाल्ली.

बिल: बिअरवर वाचले ८०० रुपये. कुर्लीचे २,६००. शिवाय दारूवर १० टक्के व्हॅट, जेवणावर ५ टक्के जीएसटी आणि ज्याला आम्ही हो म्हटलं नव्हतं तो सेवाआकार. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कसं होतं?" म्हटलं, "गार होतं."

रविवार, ७ डिसेंबर

संकष्टी. साबुदाण्याची खिचडी. भाच्याने विचारलं, "यात कोळंबी चालते?" नाही.

बुधवार, १० डिसेंबर

पाहुण्यांना फोर्टात माशांसाठी न्यायचं तर माणसं ठरलेली नावं घेतात: महेश लंच होम, अपूर्वा, काळा घोड्याचं तृष्णा आणि त्याचा तो बटर-गार्लिक क्रॅब. चांगलीच आहेत ती. पण मी आज ऑफिसातल्या शिपाईमामांना विचारलं. त्यांनी तीस वर्षं फोर्टात काढलीत. ते म्हणाले, "मॅडम, हॅपी अवर बघू नका. शेट्टीचा परमिट रूम बघा."

गल्लीत गल्ली, खाली सहा टेबलं, वर माळ्यावर एसी आणि म्हणून थोडा जास्त दर. खाली बसलेल्या पुरुषांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या चण्या-शेंगदाण्यांकडे वळले. माळ्यावर जायला गल्ल्यावरच्या शेट्टी अण्णांनी सुचवलं. मी खालीच बसले.

भाच्याने विचारलं, "हॅपी अवर किती वाजेपर्यंत?"

"तसं काही नाही इथे," अण्णा म्हणाले. "रेट सकाळी तोच, रात्री तोच."

पिंट २४० रुपयांना. पोराने बोटांवर हिशेब केला. परळला एकाची किंमत ५५०, त्यावर एक फुकट, म्हणजे एक २७५ला. म्हणजे जी सवलत घ्यायला आम्ही लोकलमध्ये चेंगरत गेलो, ती इथल्या रोजच्या दरापेक्षा महागच. तो दोन मिनिटं काही बोलला नाही. इंजिनियर आहे, त्याला हे लागलं.

आता माझी परीक्षा. मी कुठेही गेले की मेन्यू मिटवून एकच विचारते: आज काय आलंय? सगळं आहे असं उत्तर आलं की मी पाणी पिऊन उठते, कारण एकाच दिवशी सगळं फक्त फ्रीजरमध्ये असतं. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हाही काही ठिकाणी ताजी सुरमई मिळते, त्याचं रहस्य हेच.

अण्णा म्हणाले, "सुरमई दुपारीच संपली. पापलेट आहे, पण लहान, त्या पैशाला घेऊ नका. बांगडा घ्या, काणे घ्या. बोंबील चार प्लेट असतील."

मी पिशवी खुर्चीला अडकवली.

काणे म्हणजे आपली मुडदुशी. बोटभर रुंद, चांदीसारखी, एकच सरळ काटा, नवशिक्यालाही खाता येते. अण्णांच्या तुळूत बांगडा म्हणजे बंगुडे, सुरमई म्हणजे अंजल, कुर्ली म्हणजे डेंजी. भाच्याने सगळे शब्द फोनमध्ये टिपून घेतले. किनारा तोच, मासे तेच, फक्त आम्ही वेंगुर्लेकर बांगड्याला तिरफळं आणि आमसूल घालतो आणि हे लोक ब्याडगी मिरची आणि चिंच. आंबट-तिखट पुळिमुंची आली तेव्हा मी मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि आणखी एक नीर डोसा मागवला.

बोंबील मात्र खरा कस. त्याच्या अंगात इतकं पाणी की फ्रीजरमधून काढला की लगदा होतो. ताजा आणायचा, मधून चिरायचा, वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग रवा लावून तव्यावर. इथला बाहेरून पापडासारखा कुरकुरीत आणि आत लोणी. भाचा म्हणाला, "मावशी, यात हाड कुठे गेलं?" आहे रे, तू खाल्लंस.

मग मी धीर करून मागच्या शुक्रवारची गोष्ट अण्णांना सांगितली. ते मोठ्याने हसले. "पौर्णिमेला डेंजी? आम्ही आणतच नाही." गल्ल्यामागच्या कॅलेंडरकडे गेले, चष्मा कपाळावर सरकवला. "१९ला अमावास्या. शुक्रवार. चारला या. दोन ठेवतो."

मी तिथेच उभ्या उभ्या मोजलं. १८ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन संपलेलं. शुक्रवार, म्हणजे कुणाचाच वार नाही. भाच्याचं विमान त्याच रात्री अडीचला. बसतंय.

"आणि भाव?" मी विचारलं. या वेळी आठवणीने.

"डेंजी ढक्क्यावरून येईल त्या भावाने. सकाळी फोन करून सांगतो. कमी नाही होणार."

ते ऐकून मला बरंच वाटलं. बिअर स्वस्त मिळाली तर मला आनंद होतो. मासळी स्वस्त मिळाली की मी आधी वास घेते.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अर्धा दिवस रजा. अण्णांनी सकाळी सव्वादहाला भाव सांगितला, मी हो म्हटलं, ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकलं.

नवराही आला, त्याने वर एसीत बसायचा आग्रह धरला आणि हरला. अण्णांनी शिजवायच्या आधी कुर्ली हातात दिली. जड. भाच्याला म्हटलं, धर, आणि त्या शुक्रवारची पोकळ कुर्ली आठव. त्याने वजन तोललं आणि नुसतं "ओह" म्हणाला. फोडली तर आत केशरी लाख, कवचाच्या कोपऱ्याकोपऱ्यात. गस्सी, म्हणजे त्यांचा नारळाचा रस्सा, मनगटापर्यंत ओघळली. तासभर टेबलावर कुणी धड वाक्य बोललं नाही. बिअरची दुसरी बाटली मागवायची राहूनच गेली.

रात्री पावणेबाराला विमानतळावरून मेसेज आला: चार वेळा हात धुतले, वास जात नाहीये.

लिहिलं, विमानात लिंबू मिळतं का विचार.