आचाऱ्यांच्या वहीतला मसाला

सकाळी साडेसातला लालबागच्या काकूंचा फोन आला. एरवी "च्या घेतलंस काय गो?" इथून सुरुवात करणारी बाई त्या दिवशी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाल्या, "ह्यां काय लिवलंस गो? ते आचारी होते. आचार्य नाय."

मला पटकन उमगेना. आदल्या रात्री साडेअकराला त्यांच्या ऑनलाइन दुकानाचा बॅनर मी चढवला होता आणि चांगला झाला म्हणून समाधानाने झोपले होते. फोन कानाला तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. लाल मिरच्यांच्या फोटोवर पांढऱ्या ठळक अक्षरांत ओळ होती: 'आचार्यांच्या वहीतला मालवणी मसाला'. रात्री या ओळीचा रंग, तिची उंची, दोन शब्दांमधलं अंतर, सगळं मी वीस वेळा तपासलं होतं. ती वाचली मात्र नव्हती.

काकूंचे यजमान लग्नाच्या हॉलवर जेवण करायचे. दादर, गिरगाव, पार्ले, जिथून बोलावणं येईल तिथे पहाटेच्या लोकलने जायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मागे राहिली एक लांब, कापडी पाठीची वही. तिच्यात शंभर पानांपासून पाचशे पानांपर्यंतच्या जेवणाची मापं आहेत आणि एका पानावर त्यांचा मालवणी मसाला आहे: रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी, मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल. दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, काकू मिरच्या गॅलरीत वाळवतात, सगळा जिन्नस भाजतात आणि मिरची गल्लीतल्या डंकावर समोर उभं राहून कुटून आणतात. यंदा सूनबाईंनी ऑनलाइन दुकान उघडलं आणि बॅनरचं काम माझ्याकडे आलं. ओळ सूनबाईंचीच होती, आणि मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडली होती.

रात्रीतून तीन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं. एकीने, हा मसाला कुठल्या आश्रमाचा? दुसरीने, यात कांदा-लसूण नसेल ना? तिसरीने नुसतेच हात जोडले होते. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं चुलीपुढे उभे रवले. त्यांका आचार्य कशाक करतंस?"

मी म्हटलं, तासाभरात येते.

काळाचौकीहून लालबाग लांब नाही. चालता चालता आठवलं की हाच मजकूर पाकिटांच्या स्टिकरवरही गेलाय, ती फाईल काल संध्याकाळीच छापायला पाठवली आहे. रस्त्यातच छापखान्यात फोन लावला. मशीन दहानंतर सुरू होणार होतं. थांबवलं.

काकूंच्या खोलीत बसून आधी चूक कुठे झाली ते शोधलं, कारण सूनबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मूळ मेसेजमध्ये 'आचाऱ्यांच्या' अगदी बरोबर दिसत होतं. मराठीत अर्ध्या र ला य जोडताना तो र दोन तऱ्हांनी लिहितात. 'आचार्य' मध्ये तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. 'आचाऱ्यांच्या', 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांत तो चंद्रकोरीसारखा य च्या आधी लटकतो. शाळेत बाईंनी 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हीच जोडी फळ्यावर लिहून समजावलं होतं. पण संगणकाच्या पोटात ही चंद्रकोर दोन प्रकारे साठवता येते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक वापरतात त्या अक्षरांच्या यादीत, ऱ या अक्षराला स्वतःची जागा आहे. ऱ, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) आणि य असं लिहिलं की काम पक्कं. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह, जे डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच. सूनबाईंच्या मेसेजमध्ये दुसरा प्रकार होता. मेसेजमधल्या इमोजी आणि जादा स्पेस काढायला मी तो मजकूर एका मोफत साफसफाईच्या पानावरून फिरवला होता. त्या पानाने इमोजींबरोबर ते न दिसणारं चिन्हही झाडून टाकलं. उरला साधा र, हलन्त, य. म्हणजे रफार.

हे मी काकूंना समजावत होते तेव्हा त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. म्हणाल्या, "न दिसणारा होता, म्हणान गेला." सूनबाईंनी लगेच माझ्याकडून ऱ कसा लिहायचा ते विचारून घेतलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे. त्यांनी ते कागदावर टिपून फ्रीजच्या दाराला लावलं.

आता दुरुस्ती. फोटोचं काम मी गिम्पमध्ये करते आणि अक्षरांचं इंकस्केपमध्ये. दोन्ही मोफत आहेत, आणि दोन्हींत मराठी जोडाक्षरं नीट जुळतात, वेलांट्या पळत नाहीत. एका ओळीसाठी महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येक छोट्या दुकानदाराला सांगते. पण रात्री अक्षरांचे पाथ करून टाकले होते, म्हणजे ती आता अक्षरं राहिली नव्हती, नुसते आकार झाले होते. तसं केलं की दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, पण मजकूर बदलता येत नाही. पाथ करण्याआधीची फाईल मी वेगळी ठेवते, म्हणून वाचले. ओळ पुसून, शिफ्ट-जे दाबून, हाताने पुन्हा लिहिली.

ओळ बरोबर झाली तरी काकूंचं समाधान दिसेना. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग टोपलीतली एक मिरची उचलून लॅपटॉपच्या काचेला लावली. "ही बघ."

मी बॅनरसाठी मोफत फोटोंच्या संग्रहातून मिरच्यांचा एक सुंदर फोटो घेतला होता. परवान्याने तो वापरायला काही हरकत नव्हती. पण त्या मिरच्या गुळगुळीत, चकचकीत आणि सरळ होत्या. काकूंच्या हातातली ब्याडगी गडद, वाकडी, सुरकुतलेली. तीच तिची ओळख. मसाला घेणारी बाई मिरची बघूनच ठरवते, आणि मी तिला भलतीच मिरची दाखवत होते. रफारापेक्षा मला या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं, कारण इथे कुठलंही न दिसणारं चिन्ह हरवलं नव्हतं. फोटो मीच निवडला होता.

"वही देता काय?" मी विचारलं.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी कपाटातून वही काढली. पुठ्ठ्यावर बॉलपेनने दोनदा गिरवून लिहिलं होतं: 'आचाऱ्याची वही. हात लावू नये.' अर्धा ऱ चांगला लांबवर ओढलेला, सुरीने फोड काढावी तसा. आतलं मसाल्याचं पान तेलाने पारदर्शक झालेलं. फोटोला काकूंची एकच अट होती: प्रमाणाचे आकडे दिसता कामा नयेत. गिम्पमध्ये आकडे धूसर करता आले असते, पण धूसर केलेला कागद काहीतरी लपवल्यासारखा दिसतो. म्हणून वही गॅलरीत उन्हात उघडी ठेवली आणि काकूंनी स्वतः एकेका आकड्यावर एकेक मिरची ठेवली. कुठली मिरची कुठे, हे ठरवायला त्यांना पाऊण तास लागला. मी घाई केली नाही. दहानंतर ऊन कडक होतं, तेव्हा सूनबाईंनी पांढरी ओढणी धरून सावली केली आणि मोबाईलवर चौदा फोटो काढले.

हस्ताक्षर ओळीत वापरावं असं मनात आलं. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने फोटोतल्या लिखाणाचे पाथ होतात, तसे केलेही. पण बॉलपेनची रेघ बारीक. मोबाईलवर ती केसासारखी दिसू लागली. मोदक हा फॉन्टही लावून पाहिला. नाव मसाल्याच्या दुकानाला शोभणारं आणि मोठ्या अक्षरांत फार देखणा, पण त्याच्या अक्षरांच्या आतली पोकळी रेघेएवढीच असते. लहान आकारात ती बुजते आणि नेमकी आपली चंद्रकोर गायब होते. शेवटी मुक्ता हा फॉन्ट ठेवला, त्याच्या सर्वांत जाड रूपात. मोदक आणि मुक्ता दोन्ही मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचे, खुल्या परवान्याचे, धंद्यासाठीही मोफत. आपल्या लिपीसाठी कुणीतरी इतकं निगुतीने काम करून ते असं खुलं ठेवलंय याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

फिक्या कागदावर अक्षरं लाल करायचा बेत मात्र सोडावा लागला. शुद्ध लाल आणि पांढरा यांच्यातला उजेडाचा फरक जेमतेम ४:१ भरतो. लहान अक्षरं नीट वाचता यायला किमान ४.५:१ लागतो. वहीच्या पुठ्ठ्याचा काळपट तपकिरी उचलला आणि फिक्या कागदावर ओळ स्वच्छ उठली. साईटला १६०० बाय ४०० चा बॅनर हवा होता, पण मोबाईलवर त्याचा मधला भागच दिसतो, म्हणून ओळ दोन तुकड्यांत मोडून मध्ये आणली. फाईल जड होती ती स्क्वूश या फोटो हलके करायच्या मोफत साधनात हलकी केली. स्टिकरची फाईल दुरुस्त करून छापखान्यात पाठवली. हे सगळं अर्ध्या तासात उरकलं.

चढवायच्या आधी चार फोनवर पाहिलं: माझा, सूनबाईंचा, शेजारच्या आजोबांचा जुना, काच तडकलेला, आणि काकूंचा. मी मुद्दाम काही बोलले नाही. काकूंनी चष्मा लावला आणि ओळ मोठ्याने वाचली. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, पडद्यावर फक्त 'ऱ्यां' उरेपर्यंत. मांडीवरची वही फिरवून तिचा पुठ्ठा फोनशेजारी धरला. यजमानांनी ओढलेल्या त्या अर्ध्या ऱ वरून बोट फिरवलं, मग फोनवरच्या.

"त्यांचो जरा लांब आसा," त्या म्हणाल्या. "पण आसा. आता चढव."