पास झालीस ना, मग अजून सिस्टर मागं का उभी असते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न आता महिन्यातनं चारदा तरी येतो. आत्या विचारते, शेजारची वहिनी विचारते, खानापूरच्या बसमध्ये ओळखीचं कोण भेटलं तर ते पण विचारतं. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची तीन वर्षं केलीस, परीक्षा पास झालीस, बेंगळुरूच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं, मग अजून इंजेक्शन देताना ती मोठी सिस्टर बाजूला कशाला? तुझ्यावर भरवसा नाही काय त्यांचा?

भरवसा आहे. आणि ती मागं उभी असते म्हणून मी रात्री घरी येऊन झोपू शकते, हे मला खरंच सांगायचंय.

मी बेळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात फिमेल मेडिकल वॉर्डला आहे. रोज खानापूरहून येजा करते, २०२३ ला शक्ती योजना आल्यापासून आम्हा बायकांना सरकारी बसला तिकीट नाही म्हणून ते परवडतं. आमच्याकडे नियम असा की नवीन स्टाफनं पहिले सहा महिने इन्सुलिन, रक्त पातळ करणारं हेपारिन, केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, असली औषधं एकटीनं द्यायची नाहीत, लोड करायचं म्हणजे सिरिंजमध्ये भरायचं, सीनियरला दाखवायचं, शीटवर दोन सह्या. माझी सीनियर गोकाककडची, कन्नड बोलणारी, आम्ही सगळ्या तिला अक्काच म्हणतो. ती ओरडत नाही, नुसती बघते.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. नाईट होती, एका पेशंटला १६ युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डात आमच्याकडे ४० युनिटवाली व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली असते, एका मिलीत ४० युनिट, आणि तिची लाल टोपणाची सिरिंज. त्या दिवशी पेशंटच्या मुलानं बाहेरच्या मेडिकलमधनं इन्सुलिन आणलेलं, मी सवयीनं लाल टोपणाची सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत बरोबर भरलं, बुडबुडा काढला, ट्रेमध्ये ठेवलं. अक्का म्हणाली, सिरिंज नको, व्हायल दाखव बघू. व्हायलवर १०० लिहिलेलं. म्हणजे त्या व्हायलच्या एका मिलीत १०० युनिट, आणि तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. मी जे भरलेलं ते १६ नव्हतं, ते ४० युनिट होतं. अडीच पट. बाई जेवून झोपायला टेकलेली, पहाटे तिची शुगर किती खाली गेली असती याचा विचार आला आणि माझे हात गार पडले.

अक्कानं ती सिरिंज माझ्यासमोरच टाकून दिली, नवीन नारिंगीवाली हातात दिली आणि म्हणाली, आता परत भर, मी बघते. तेवढंच. त्या दिवसापासून मी सिरिंजच्या आधी व्हायल हातात घेते आणि आकडा तोंडानं मोठ्यानं वाचते, बाजूला कोण असो नसो.

हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं काय? शिकवलेलं की, पेपरात लिहून मार्क पण मिळवलेत. पण पेपरात पेशंट एकच असतो. वॉर्डात एकीची ड्रिप थांबलेली असते, दुसरीचे नातेवाईक डॉक्टर कधी येणार विचारत असतात, तिसरीची शीर सापडत नसते. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची तर मिनिटाला २१ थेंब हे मला झोपेत पण येतं, पण म्हातारीनं हात कोपरात वाकवला की थेंब बंद होतो हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

आणि बघणं एकाच बाजूनं नसतं. मागच्या महिन्यात जांबोटीकडची एक आजी ॲडमिट होती, कन्नड अजिबात येत नव्हतं तिला. सकाळी अक्कानं विचारलं तर आजी म्हणते, "पोटात कालवतंय बाई, हातपाय गळाल्यागत झालेत." अक्काला वाटलं पोट दुखतंय, ती गोळीची शीट बघायला लागली. मला ते शब्द लहानपणापासनं माहीत, आमच्या घरात उपास धरलेली बाई दुपारी असंच म्हणते. कपाळाला हात लावला तर घाम, गार. मी म्हटलं अक्का, आधी शुगर बघूया. ५४ आली. ७० च्या खाली म्हणजे कमीच. आजी शुद्धीवर होती, गिळता येत होतं, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, ड्यूटी डॉक्टरला कळवलं, पंधरा मिनिटांनी परत बघितली तेव्हा ९० च्या वर. त्या दिवशी अक्कानं वहीत "कालवतंय" हा शब्द कन्नड अक्षरांत लिहून घेतला आणि मला दोनदा म्हणायला लावला. मी पण तिच्याकडनं "होट्टी ब्यानी" आणि "एदी उरी" यातला फरक असाच शिकलेय, एक पोटदुखी आणि एक छातीतली जळजळ, आणि निम्मा वॉर्ड चिकोडी, गोकाक, सौंदत्तीकडचा असतो तेव्हा तो फरक कळायलाच पाहिजे.

आता सहा महिन्यांतले दोन राहिलेत. इन्सुलिन लोड करताना अक्का आता लांबनंच बघते. केसीएलच्या वेळी मात्र अजून अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहते, आणि मलाच ते हवं असतं. दहा मिलीचा अँप्युल, दिसायला नुसतं पाणी, पण सलाईनमध्ये न मिसळता सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं.

म्हणून आत्या, तू अशक्तपणा आलाय, घरीच एक सलाईन लावून जा म्हणतेस ना, ते मी करणार नाही, रागावू नकोस. तिथं माझ्या मागं कोण उभं नसतं आणि काय झालं तर डॉक्टर पण नसतो. रविवारी मला सुट्टी आहे, शुगरचं मशीन घेऊन येते. चहा प्यायच्या आधी बघायचीय, मी येईपर्यंत काही खाऊ नकोस.