तुम्ही विचारलंत म्हणून: ही आफ्रिकन गाणी कशाला?

घरी पाहुणे आले की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. कपाटात जुन्या भावगीतांच्या तबकड्या शोधायला गेलेला माणूस भलतंच काहीतरी हातात घेऊन बाहेर येतो आणि म्हणतो, "हे काय ऐकता हो तुम्ही? भाषा तरी कळते का?"

भाषेचं आधी उरकते. माझ्याकडची बरीच गाणी झांबियातली आहेत आणि त्यातली पुष्कळशी चक्क इंग्रजीत आहेत. तिथल्या बेंबा आणि न्यांजा भाषांतली कळत नाहीत. झालं.

'कशाला' याचं उत्तर मात्र बदललंय. पूर्वी मी ऐटीत सांगायचे, "फार दुर्मीळ आहे हे!" आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. देश तांब्यावर चालायचा. किटवे, चिंगोला, एन्डोला या खाणपट्ट्यातल्या गावांत पगाराचा पैसा खेळत होता आणि पोरांच्या कानात रोलिंग स्टोन्स, हेंड्रिक्स, जेम्स ब्राउन घुमत होते. त्यात राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांनी फर्मान काढलं की रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियातलंच लागलं पाहिजे. पोरांनी गिटारी उचलल्या. रॉक बाहेरचं, ठेका घरचा. याला पुढे झॅमरॉक नाव पडलं. एका बँडचं नाव 'विच', म्हणजे 'वुई इन्टेंड टू कॉज हॅवॉक'. आम्ही धुडगूस घालणार, असं आधीच सांगून टाकलेलं! गायक इमॅन्युएल चांडा, पण रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरवरून सगळे त्याला जगारी म्हणायचे. १९७२ चा 'इंट्रोडक्शन' हा त्यांचा पहिला अल्बम. त्यातली गिटार फझ पेडलमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या यंत्रातून, अशी येते की पहिल्यांदा ऐकताना मी उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली होती. गाणारा पलीकडच्या खोलीत उभा असावा असं वाटतं. स्टुडिओची सफाई नाही, पण घाईही नाही. दहाएक वर्षांच्या देशात वीस-बावीस वर्षांची पोरं वाजवताहेत, आणि हे असंच चालणार याबद्दल कुणालाही शंका नाही.

चाललं नाही. १९७३ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियाने (आताचा झिंबाब्वे) सीमा बंद केली, पाठोपाठ तांब्याचे भाव कोसळले. संचारबंदी आणि ब्लॅकआउटमुळे रात्रीचे कार्यक्रम दिवसा करायची वेळ आली. मग नकली कॅसेटी आल्या, मूळ रेकॉर्ड कोण घेणार? आणि मग एड्स. 'विच'च्या मूळ संचातला एकटा जगारी उरला. तो रत्नांच्या खाणीत नशीब शोधत होता.

दुर्मीळ म्हणजे हे. रेकॉर्ड कमी उरल्या कारण त्या घेणारी, जपणारी, वाजवणारी माणसं आणि त्यांचे पगार उरले नाहीत. त्याची मी फुशारकी मारायची?

ओळखीतल्या एका संग्राहकांशी माझा यावरूनच वाद होतो. ते मूळ प्रतीच्या मागे असतात. तशी एखादी प्रत निघालीच तर त्या पैशात आपल्याकडे दुचाकी यावी. मी पुन्हा छापलेल्या प्रती घेते, म्हणून त्यांच्या लेखी मी कच्चं लिंबू. पण दुचाकीएवढ्या त्या रकमेतला एक छदामही जगारीला मिळत नाही. लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने २०१२ मध्ये 'विच'चे अल्बम एकत्र काढले, लोकांनी ऐकले, तेव्हा कुठे हा माणूस पुन्हा मंचावर उभा राहिला. २०२३ मध्ये 'झँगो' नावाचा नवा अल्बमही आला. लोक म्हणतात, हे संगीत 'सापडलं'. किटवेतल्या माणसाचं ते हरवलं कधी होतं, हे एकदा विचारायला हवं.

पुन्हा छापणं म्हणजे नुसती नक्कल नव्हे, बरं का. मूळ टेप मिळत नसली तर त्यातल्या त्यात बरी तबकडी गाठून तिच्यावरूनच ध्वनी घ्यावा लागतो. खरखर काढायला जावं तर झांजेची धार जाते. कधी उलट, जास्तीचंच हाती लागतं. 'अमानाझ' या बँडच्या १९७५ च्या 'आफ्रिका' अल्बमची दोन मिश्रणं निघाली: एक कोरडं, एक घुमणारं. माझं मत कोरड्याला. घुमणाऱ्यात सगळे देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखे वाटतात; कोरड्यात ते माझ्या हॉलमध्ये असतात.

आमच्या सासूबाईंना यातलं काही आवडत नाही. अपवाद एक, इथिओपियाचे हैलू मर्गिया. त्यांनी १९८५ मध्ये वॉशिंग्टनला एकट्याने अ‍ॅकॉर्डियन, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन एक कॅसेट केली होती. ती इथिओपियातल्या बहिर दार गावात एका अमेरिकन माणसाच्या हाती लागली आणि २०१३ मध्ये पुन्हा निघाली. तिकडच्या तिझिता सुरावटीचा एक प्रकार सा रे ग प ध असा आहे. म्हणजे आपला भूपच. सासूबाई चाळीस वर्षं भजनी मंडळात. त्यांचे कान टवकारले.

"पेटी कोण वाजवतंय?"

"पेटी नाही आई, अ‍ॅकॉर्डियन. टॅक्सी चालवायचे ते अमेरिकेत."

"मग रियाज कधी करायचे?"

इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने असं काही विचारलं नव्हतं. सांगितलं, की-बोर्ड डिकीत असायचा. विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट बघताना गाडीतच बसून वाजवायचे.

"हं," म्हणाल्या, आणि मटार सोलायला घेतले. बाजू संपल्यावर म्हणाल्या, "उलटी कर."